भिवंडीत अडकलेली रिंग

कुकरची रिंग सैल झाली म्हणून मंगळवारी नवी मागवली. किंमत १८० रुपये. तेव्हापासून दुपारी जेवण झालं की बडीशेप तोंडात आणि फोन हातात. रिंग कुठवर आली?

मंगळवारी रात्री ती भिवंडीहून ‘निघाली’. बुधवारी भिवंडीतच ‘पोहोचली’. तिथं गोदामं इतकी, की एका शेडमधून निघून पलीकडच्या शेडमध्ये पोहोचली असेल, अशी मी समजूत घालून घेतली. गुरुवारी जागची हलली नाही. ट्रकही वडापसारखा, भरल्याशिवाय सुटत नसावा.

लहानपणी राजापूरहून आजीचं पार्सल यायचं. आधी पोस्टकार्ड : ‘पार्सल केले आहे. मिळाल्याचे कळवावे.’ मग आमचा मुक्काम गॅलरीत. पोस्टमनच्या सायकलचं कॅरिअर वरून नीट दिसायचं. पार्सल असलं तर तो खालूनच ओरडायचा, “राजापूर!” वर कोण राहतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मांजरपाटात शिवलेलं, दाभणाचे हातभर टाके, शिवणीवर लाखेचे ठिपके. आमसुलांचा डाग कापडावर उतरलेला असायचा, त्यामुळे आत काय ते दारातच कळे. कुळथाचं पीठ मात्र बेसावध गाठायचं. फणसपोळीच्या आशेनं हात घालावा आणि निघावं पीठ! टाके उसवायचा मान आईचा. दोरा गुंडाळून ठेवायचा, कापड धुऊन चक्का बांधायला. लाख मी खरवडून काडेपेटीत साठवायचो. कशासाठी, कोण जाणे.

पिनकोड १९७२च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाला, पण आजीचा त्या सहा आकड्यांवर शेवटपर्यंत भरवसा बसला नाही. ४११०३० लिहून झालं तरी खाली ‘नागनाथ पाराजवळ’ हे असायचंच. तिचंच बरोबर होतं म्हणा. आज उपग्रहाला माझी गच्ची दिसते, तरी डिलिव्हरीवाला पोरगा फोन करून विचारतो, “काका, नक्की कुठं?”

शनिवारी रिंग आली. खोक्यात हवेच्या उशा, उशांच्या तळाशी ती. पाच लिटरची. आमचा कुकर तीनचा.

चूक माझीच. ‘परत पाठवा’ दाबलं. सोमवारी माणूस येईल म्हणे.

आई म्हणाली, “तोवर जुनीच फ्रीजरमध्ये ठेव तासभर. आवळते.”

ठेवली. शिट्ट्या तीन झाल्या, वरण छान शिजलं. आता खरं तर रिंग नकोच आहे. पण परतीचाही एक नंबर आलाय मोबाइलवर, आणि सोमवार संध्याकाळपासून ती पुन्हा भिवंडीच्या वाटेला लागेल. बघतो कुठवर जाते.