चॉकलेट-अक्रोड पुडिंग

रविवार, रात्री

दुपारी घर निवांत झाल्यावर पुडिंग करायला घेतलं. चायना ग्रास घातलं की त्याच्या वड्या पडतात, ते मला मुळीच आवडत नाही. पुडिंग कसं, चमच्यावर थरथरलं पाहिजे! म्हणून मी कॉर्नफ्लोअरच घेते.

आधी अक्रोड. मंद आचेवर भाजले आणि गरम असतानाच फडक्यात घालून चोळले. सालं सगळी निघत नाहीत, पण अक्रोडाचा तुरटपणा सालीतच असतो, त्यामुळे निघतील तेवढी काढायचीच.

अर्धा लिटर दुधातलं वाटीभर गारच ठेवलं. त्यात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दोन चमचे कोको आणि चिमूटभर मीठ कालवलं. उरलेल्या दुधात पाच चमचे साखर घालून ते तापवलं आणि ढवळत ढवळत हे मिश्रण ओतलं. खरी परीक्षा यापुढे. दूध दाटलं की झालं असं वाटतं, पण तेव्हा पीठ नुसतं फुगलेलं असतं. बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी दोनेक मिनिटं शिजलं तरच कच्चट चव जाते आणि पुडिंग नीट आळतं. हात भरून येतो, तरी ढवळणं थांबवायचं नाही. बुडाला लागलेल्या दुधाचा वास चॉकलेटनेही झाकत नाही.

गॅस बंद केल्यावर मग ८० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून घातलं, वर चमचाभर घरचं लोणी. तेवढ्या उष्णतेवर ते छान विरघळतं. हे चॉकलेट केरळातल्या इडुक्कीच्या कोकोचं. तिकडे नारळ-सुपारीच्या बागांत सावलीला कोको लावतात. किंचित आंबूस लागतं, आणि मला त्यातलं तेच फार आवडतं.

अक्रोड आत घातले की मऊ पडतात, म्हणून ते वाढताना वरून. आईला मात्र चावत नाहीत. तिच्या वाटीत खलात कुटून मिसळले. तिने सगळं निपटून खाल्लं आणि विचारलं, "एकादशीला चालेल का गं हे?"

कॉर्नफ्लोअर मक्याचं, म्हणजे आमच्याकडे चालणार नाही. आरारूट चालतं, पण दुधात बुळबुळीत होतं. शिंगाड्याचं पीठ घेऊन बघते. त्याला स्वतःची चव असते, तेव्हा कोको एखादा चमचा जास्त लागेल.