ऑक्सिमीटरवर ९८, मग धाप का लागते?

कोरोनापासून आपल्याकडं घरोघरी ऑक्सिमीटर आलाय, बोटाला लावला, ९८ आलं की माणसं निवांत. आमची वहिनी जिना चढली की दमायची, पण ९८ दिसतंय म्हणून सगळे म्हणायचे काही नाही झालं तुला, आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन (तांबड्या पेशीतलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन) ८, म्हणजे १०० मिली रक्तात ८ ग्रॅम!

ते ९८ टक्के आहेत ओ. आहे त्या हिमोग्लोबिनमधल्या किती जागा ऑक्सिजननं भरल्या एवढंच ते सांगतं, मुळात हिमोग्लोबिन आहे किती ते नाही. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं, म्हणजे १५ असेल तर १०० मिली रक्तात २० मिली आणि ८ असेल तर जेमतेम साडेदहा. ऑक्सिमीटर दोघांनाही ९८ च दाखवणार.

मला स्वतःला लई भारी वाटतं ते ऑक्सिजन सोडायचं काम. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे ४ अणू, एकावर ऑक्सिजन बसला की अख्ख्या रेणूचा आकार बदलतो आणि पुढच्याला बसणं सोपं जातं, सुटतानाही तसंच. (ही रचना एक्स-रेनं उलगडायला शास्त्रज्ञ मॅक्स पेरुट्झनी वीसेक वर्षं घातली, १९६२ चं नोबेल त्यासाठीच.) फुफ्फुसात ऑक्सिजनचा दाब १०० मिमी पाऱ्याच्या आसपास, तिथं भरून घेतं, पुढं शरीरात दाब ४० वर आला की पाव हिस्सा सोडतं. आता कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत पोरं बैठका मारतात तेव्हा मांडी तापलेली, कार्बन डायऑक्साइड वाढलेला, आम्लही वाढलेलं, आणि नेमकं ह्यानंच हिमोग्लोबिनची पकड अजून ढिली होते, म्हणजे जो स्नायू राबतोय त्यालाच जास्त मिळतं, कुणी सांगायला नको काय नको! कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम १९०४ मध्ये क्रिस्तियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला, अणूवाल्या नील्स बोरचे हे वडील.

रक्त कमी असलं की तांबड्या पेशीत २,३-बीपीजी नावाचा पदार्थ वाढतो, तो पण पकड ढिली करतो, त्यामुळं बसल्याजागी निभून जातं आणि घरच्यांना कळतच नाही. जिना चढायला लागलं की मात्र पुरत नाही.

म्हणून घरातली बाई सारखी दमत असेल तर बोटावरच्या आकड्यावर जाऊ नका, सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजायची साधी रक्ततपासणी) करून घ्या. हिमोग्लोबिन गरोदर नसेल तर १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. डॉक्टरांना कारण विचारा, पाळीत जास्त रक्त जातंय का तेही सांगा, लाजू नका. आणि जेवणावर लगेच चहा नको, जेवणातलं लोह त्यानं नीट अंगी लागत नाही.