२९ फेब्रुवारीला तुमच्यावर किती कर्ज होतं?

मी कोल्हापुरात छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिते. उद्यमनगरातली वर्कशॉप, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतली दुकानं, एखादी फाउंड्री, एक-दोन छापखाने. जीएसटीची रिटर्न, पीएफची चलनं, बँकेला द्यायचे ताळेबंद ही रोजची कामं. कोरोनाच्या काळात सरकारने धंद्यांसाठी जे काही जाहीर केलं, ते सगळं माझ्या टेबलावरून गेलं. परिपत्रक वाचायचं, कोण बसतंय कोण नाही ते बघायचं आणि मग एकेकाला फोन लावायचा.

आज त्या मदतीचा विषय निघाला की लोक दोन टोकांचं बोलतात. कुणी म्हणतं वीस लाख कोटी दिले, कुणी म्हणतं एक रुपया मिळाला नाही. माझ्या वह्यांमधून दोन्ही सिद्ध होत नाही. मदत आली आणि तिने काही धंदे खरोखर वाचवले. पण ती कुणाच्या दारात जाणार हे कुणाचं किती नुकसान झालं यावरून ठरलं नाही. ते ठरलं एका तारखेला तुमच्या नावावर किती कर्ज होतं यावरून. ही गोष्ट मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही.

आधी जे चांगलं झालं ते सांगते.

१३ मे २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी छोट्या उद्योगांसाठी तीन लाख कोटींची तारणाशिवायची कर्जयोजना जाहीर केली. कागदावर तिचं नाव ईसीएलजीएस. हिशेब सोपा होता: २९ फेब्रुवारी २०२० ला (ते लीप वर्ष होतं) तुमच्या कर्जाची जेवढी बाकी होती, तिच्या २० टक्के नवं कर्ज. मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष फक्त व्याज, बँकेचा व्याजदर ९.२५ टक्क्यांच्या वर नाही, प्रोसेसिंग फी नाही. कर्ज बुडालं तर हमी पूर्णपणे केंद्र सरकारची, त्यामुळे मॅनेजरला सही करताना भीती नाही.

उद्यमनगरात माझं एक वर्कशॉप आहे, म्हणजे मी त्यांचे हिशेब बघते. दोन लेथ, एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), सात कामगार. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतलेले धातूचे भाग, येतात, हे लोक ते लेथवर कातून परत देतात, सगळं जॉबवर्क. सीएनसीचं टर्म लोन आणि सीसी (धंद्याच्या रोजच्या खर्चासाठीचं बँकेचं कर्ज) मिळून २९ फेब्रुवारीची बाकी होती १४ लाख. बँकेचा मेसेज आपणहून आला: तुम्ही २ लाख ८० हजारांना पात्र आहात. वर्कशॉपच्या मालकांनी, दादांनी, आधी मला विचारलं, "ताई, यात काही गोम नाही ना?" मी परिपत्रक पुन्हा पुन्हा वाचलं. गोम नव्हती. साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षी महिन्याला दोन हजाराच्या आत व्याज, नंतर तीन वर्षं आठ हजार आठशेच्या आसपास हप्ता.

त्या पैशांतून एप्रिल-मेचे थकलेले पगार गेले, टूलवाल्याची उधारी गेली, विजेचं बिल गेलं. बिलातल्या स्थिर आकाराला (वीज वापरली नाही तरी भरावी लागणारी रक्कम) वीज नियामक आयोगाने तीन महिने थांबा दिला होता, पण तो पुढे ढकललेला होता, माफ नव्हता. जूननंतर गावाकडून ट्रॅक्टरची मागणी वाढली आणि कास्टिंगच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा सातही कामगार जागेवर होते. २०२४ च्या जुलैत ते खातं बंद झालं, एकही हप्ता न चुकता. स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी जानेवारी २०२२ मध्ये अंदाज काढला होता की या योजनेने साडेतेरा लाख खाती वाचवली. यातलं एक तरी मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आप्पांचं सांगते.

आप्पांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं, शाळांची प्रगतिपुस्तकं. एक मोठं ऑफसेट मशीन, एक छोटं, एक मशीनमन आणि एक बाइंडर. पत्रिकांचा धंदा असा की कोऱ्या कार्डांचा माल जानेवारीतच भरून ठेवायचा, कारण खरी गर्दी एप्रिल-मेच्या मुहूर्तांची. त्या वर्षीही माळा भरून कार्डं आली. मग टाळेबंदी लागली. लग्नं पुढे गेली आणि जी झाली ती ५० माणसांत. ५० माणसांच्या लग्नाला कोण पत्रिका छापतंय? फोनवर एक चित्र फिरवलं की झालं.

आप्पांनी आयुष्यात कर्ज घेतलं नाही. मशीनसुद्धा साठवलेल्या पैशातून, जुनं विकून नवं, असंच आलं. घरात शिकवणच तशी: अंथरूण पाहून पाय पसरावेत. मी त्यांना बँकेत पाठवलं. चालू खातं तिथं किती वर्षांचं! मॅनेजर सज्जन होते, त्यांनी बसवून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "काका, तुमचं आउटस्टँडिंग शून्य आहे. शून्याचे वीस टक्के शून्यच." नवीन कर्जासाठी अर्ज करा म्हणाले. पण विक्री बंद असलेल्या छापखान्याचा पुढच्या वर्षाचा अंदाज मी काय लिहिणार होते, आणि तो बघून कोण मंजूर करणार होतं?

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढेच आहे. जून २०२० पासून जीएसटीचं शून्य रिटर्न एसएमएसने भरायची सोय झाली, १४४०९ या नंबरवर. आप्पांचा एप्रिल पूर्ण कोरा होता, विक्री नाही, खरेदी नाही. मी त्यांच्याच फोनवरून मेसेज पाठवला, कोड आला, तो टाकला, रिटर्न जमा. एप्रिल २०१९ मध्ये याच छापखान्याने २ लाख ६० हजारांची विक्री दाखवून त्यावरचा कर भरला होता. म्हणजे सरकारच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये दोन्ही आकडे होते. कुणी अर्ज करायची, कुणी दाखला आणायची, कुणी खोटं बोलायची गरजच नव्हती. शेजारी शेजारी दोन रकाने: गेल्या वर्षीचा एप्रिल, या वर्षीचा एप्रिल. ते रकाने कुणी बघितले नाहीत. बघितली ती २९ फेब्रुवारीची कर्जाची बाकी.

ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सोनेतारण कर्जाची मर्यादा सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेली. सोन्याचा भावही तेव्हा चढलेला. आप्पांनी काकूंच्या पाटल्या ठेवल्या आणि मशीनमन-बाइंडरचे पगार दिले. ज्यांनी कधी कर्ज केलं नाही त्यांच्यासाठी हाच रस्ता उघडा राहिला. पुढे मोठं ऑफसेट विकावं लागलं आणि बाइंडर सुटला. पाटल्या २०२२ मध्ये घरी आल्या, छापखाना लहान मशीनवर अजून चालू आहे.

कर्ज होतं तरीही जे बसले नाहीत, त्यांची गोष्ट वेगळीच. आमच्याकडे छोट्या दुकानदाराचं कर्ज बऱ्याचदा पतसंस्थेचं असतं. तिचा माणूस रोज दुकानात येऊन पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, घेऊन जातो, ओळखीवर कर्ज मिळतं. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे मार्च ते ऑगस्ट २०२० ची हप्त्यांची स्थगिती तिला लागू नव्हती आणि ईसीएलजीएसमध्येही तिचं कर्ज धरलं जात नव्हतं. सलूनवाले बघा. महाराष्ट्रात सलून उघडली २८ जूनला, तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांना, दाढी नाही. गाळ्यात बसणारा सलूनवाला फेरीवाला नाही, म्हणून फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी कर्जयोजनेचे दहा हजार नाहीत. कर्ज पतसंस्थेचं, म्हणून बाकीचंही नाही. भाडं मात्र चालू.

पीएफचंही असंच. १०० पर्यंत कामगार असलेल्या आस्थापनांचा मालक आणि कामगार असा दोघांचा मिळून २४ टक्के पीएफ केंद्राने मार्च ते ऑगस्ट भरला. १२ हजार पगारामागे २,८८० रुपये, रोख मदत म्हणावी अशी ही एकच. पण अट अशी की ९० टक्के कामगारांचा पगार १५ हजारांच्या आत हवा. माझ्या एका फाउंड्रीत ३४ माणसं. त्यांतले चार जुने मोल्डर (साचे करणारे), हात बसलेले, पगार पंधरा हजारांच्या वर. ३० भागिले ३४, ८८ टक्के. बाहेर. चार माणसांना नीट पगार दिला म्हणून बाकीच्या तीस जणांची मदत गेली. हे मी मालकांना फोनवर कसं सांगितलं ते माझं मला माहीत. आणि वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पीएफचा कायदाच लागत नाही, त्यामुळे उद्यमनगरातल्या बहुतेक वर्कशॉपांना या योजनेचा वाराही लागला नाही.

स्थगितीच्या सहा महिन्यांचं व्याज लागतच होतं, त्या व्याजावर व्याजही. आग्र्याच्या एका चष्म्याच्या दुकानदाराने सुप्रीम कोर्टात दाद मागितली, तेव्हा केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचा चक्रवाढीचा फरक परत दिला. दादांच्या चौदा लाखांवर तो साधारण दीड हजार आला. रक्कम छोटी, पण त्या माणसाचे मी मनापासून आभार मानते. एका दुकानदाराने उभं राहून प्रश्न विचारला आणि देशभरातल्या खात्यांत पैसे जमा झाले.

मला कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या देशात सरकार प्रत्येक दुकानाचं नुकसान कसं मोजणार? कोल्हापूरकराला हे सांगू नका. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले आणि छोट्या व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार रुपये मिळाले. कर्ज नव्हे, अनुदान. कुणी विचारलं नाही की तुमच्यावर कर्ज किती होतं. दुकानात पाणी कुठवर चढलं एवढंच बघितलं. मग सात-आठ महिन्यांनी सरकारच्याच आदेशाने तेच दुकान बंद ठेवलं तेव्हा पंचनामा का नाही? माल भिजला नाही म्हणून नुकसान झालं नाही, असं थोडंच आहे?

बाहेरच्या देशांत हे केलं गेलं. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो. हॉटेल बंद असताना त्याला पगाराच्या ८० टक्के मिळत होते, सरकारकडून मालकामार्फत, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत. जर्मनीने नोव्हेंबर २०२० मध्ये हॉटेलं पुन्हा बंद केली तेव्हा त्यांना आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या विक्रीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम दिली. तेच दोन रकाने. आपल्या तिजोरीला ७५ टक्के झेपणार नाहीत हे मलाही कळतं. हमी दिली की सरकारच्या खिशातून लगेच काही जात नाही, म्हणून कर्जाचा रस्ता निवडला गेला, तेही कळतं. पण मी दहाच टक्के धरते. आप्पांच्या एप्रिल २०१९ च्या विक्रीचे १० टक्के म्हणजे २६ हजार. मशीनमन आणि बाइंडर, दोघांचा महिन्याचा पगार त्यात निघतो. एवढं दोन महिने मिळालं असतं तर पाटल्या घरातून बाहेर पडल्या नसत्या असं मी ठामपणे म्हणते.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज काढलं. नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, बांधकाम आणि घरकामगार यांना दीड-दीड हजार थेट खात्यात. रक्कम कमी होती, पण पद्धत बरोबर होती: नोंद आहे, बंदीचा फटका बसलाय, पैसे खात्यात. गाळेवाले दुकानदार मात्र त्याही यादीत नव्हते, आणि त्या वर्षी इतर जिल्हे उघडल्यावरही कोल्हापूरची दुकानं जुलैपर्यंत अडकली होती.

जीएसटी नसलेल्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. पण महाराष्ट्रात शॉप ॲक्टची नोंद असते, व्यवसाय कराचे २,५०० दरवर्षी भरले जातात, जुलै २०२० पासून छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी आहे. कर घेताना सरकारला आपला पत्ता बरोबर सापडतो. तोच पत्ता देताना वापरायचा.

म्हणून व्यापारी संघटनांच्या आणि उद्यमनगरच्या मंडळींना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत एवढी एकच मागणी लिहून घ्या: सरकारी आदेशाने धंदा बंद राहिला तर आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या विक्रीवरून अनुदान, कर्ज असो वा नसो. साथ चालू असताना मागायला गेलो तर कुणाला वेळ नसतो, नियम आत्ताच ठरलेला हवा. निवेदनाचा मसुदा करायला मी बसेन. दहा-बारा दुकानांचे २०१९ आणि २०२० चे महिनावार आकडे, मालकांची परवानगी घेऊन, नावं झाकून, माझ्याकडे तयार आहेत.