बडग्या बॉस, बिल्ड ०.७: एचपी कमी, इशारा लांब

माझ्या गेमच्या या बिल्डमध्ये (आवृत्तीत) बडग्या या बॉसचा, म्हणजे मोठ्या शत्रूचा, एचपी (आयुष्याचे गुण) १२,००० वरून ८,००० वर आणला आणि लढाई उलट जास्त रंगली. (नाव अर्थातच आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतलं. बडग्याचा पुतळा शेवटी जाळतात, म्हणून आपलाही शेवटच्या टप्प्यात पेटतो.) एचपी फुगवणं हा सगळ्यात सोपा नि सगळ्यात कंटाळवाणा उपाय. ज्याला चाल कळली त्याने तीच आणखी चार मिनिटं घोटायची, यात कसली परीक्षा?

खरी गोम काठीच्या फटक्यात होती. उगारल्यापासून लागेपर्यंत ४५० मिलिसेकंद. माझ्याकडे सर्व्हर त्याच मशीनवर, त्यामुळे मला ते ऐसपैस वाटायचं. सक्करदऱ्याहून मोबाइल डेटावर खेळणाऱ्या मित्राचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) १२०. उगारलेली काठी त्याला ६० उशिरा दिसते, डॉज (बाजूला हटणं) सर्व्हरपर्यंत पोचायला आणखी ६०. उरले ३३०. दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० लागतात. पिंग २०० वर गेला की खेळ खलास. "मी त हटलो होतो बे!" हे त्याचं ठरलेलं. आणि त्याच्या स्क्रीनवर तो खरंच हटलेला असतो.

आता जड फटक्याला ७००, आणि उगारतानाच ढोलाचा एक ठोका. आवाजाला माणूस दृश्यापेक्षा जरा लवकर प्रतिसाद देतो. शिवाय सर्व्हर आता खेळाडूला काय दिसत होतं ते धरून निकाल देतो, पण १५० मिलिसेकंदांपर्यंतच. त्यापुढे सूट दिली तर ज्याचं नेट रडकं त्याचीच चांदी. हलके फटके ४५० वरच ठेवलेत. ते लागले तरी कोणी मरत नाही.

चौघांच्या पार्टीचं (एकत्र खेळणाऱ्या गटाचं) गणित अजून बसलेलं नाही. २००० सालच्या डायब्लो २ या गेममध्ये प्रत्येक जादा खेळाडूमागे राक्षसाचं मूळ आयुष्य ५० टक्क्यांनी वाढायचं, म्हणजे चौघांना अडीचपट. मारा चौपट, आयुष्य अडीचपट; एकत्र खेळणाऱ्यांना फायदा झालाच पाहिजे, हे मला पटतं. मी तेच सूत्र उचललं. पण बडग्या एकाच्याच मागे धावतो आणि बाकीचे तिघं मागून निवांत कुटतात. खेळाडू हरतोय असं दिसलं की गुपचूप सोपं करायचं, ही रेसिडेंट ईव्हिल ४ या गेमची युक्ती एकट्याच्या खेळात झकास. इथे चौघांत एक कच्चा, एक पक्का. सोपं कोणासाठी करायचं?

म्हणून ०.८ मध्ये बडग्या तसाच ठेवून पार्टीच्या आकारानुसार भोवती पिलावळ सोडणार आहे, मागून कुटणाऱ्यांच्याच अंगावर. लेफ्ट ४ डेड (२००८) या गेमचा डायरेक्टर (हल्ले कधी नि किती हे ठरवणारी यंत्रणा) हल्ल्याचा जोर झाला की मुद्दाम उसंत देतो, तशी दोन लाटांमध्ये उसंत हवी. सध्या २० सेकंद धरलेत, पण औषध प्यायला नि पडलेल्याला उठवायला तेवढे पुरतील असं वाटत नाही. आधी २५ करून बघतो. मोबाइल डेटावाल्यांनी टेस्टला जरूर या, वायफायवाले पुष्कळ झाले.