कमी कटकटीचा पोर्टफोलिओ: जर्मनीतल्या पहिल्या वर्षाची वही

नमुना असा: सुरुवातीला एकरकमी २०,००० युरो, मग दरमहा ५०० युरोची एसआयपी (इथल्या भाषेत श्पारप्लान). शेअर ८०%, बाँड २०%. फंड दोनच. चर्च टॅक्स (चर्चच्या सदस्यांवरचा जादा कर) नाही.

पहिला आठवडा. शेअरसाठी व्हॅनगार्डचा एफटीएसई ऑल-वर्ल्ड यूसिट्स ईटीएफ (बाजारात शेअरसारखा विकला जाणारा फंड; यूसिट्स म्हणजे युरोपीय संघाच्या फंड-नियमांत बसणारा), लाभांश आतच गुंतवणारा, म्हणजे आपल्याकडच्या ‘ग्रोथ’सारखा. विकसित आणि उदयोन्मुख बाजार एकाच फंडात, त्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण आपल्याला सांभाळावं लागत नाही. भारतही आत आहे, दोनेक टक्के. पुण्यात फ्लॅट आणि जुने म्युच्युअल फंड असलेल्यानं वर आणखी वेगळा भारत-फंड घ्यावा का? आमचं मत, नको.

अमेरिकेतले ईटीएफ युरोपात किरकोळ ग्राहकाला विकत घेता येत नाहीत. २०१८पासून लागू झालेलं ठरावीक माहितीपत्रक ते देत नाहीत. हळहळ नको. आयसिन (फंडाचा ओळख क्रमांक) ‘आयई’नं सुरू होत असेल तर फंड आयर्लंडचा, आणि अशा फंडाला अमेरिकी लाभांशावर ३०% ऐवजी १५% करकपात लागते.

बाँडसाठी ग्लोबल अ‍ॅग्रिगेट, युरो-हेज्ड: जगभरच्या सरकारी आणि कंपन्यांच्या बाँडचा फंड, चलनाच्या चढउतारापासून युरोत झाकलेला. इथे नवखा हमखास गोंधळतो. फंडाचा हिशेब डॉलरमध्ये असेल, भाव फ्रँकफर्टला युरोत दिसत असेल, आतले शेअर येनमध्येही असतील. चलनाची जोखीम ठरते ती आतल्या शेअरच्या चलनावर, भाव कोणत्या चलनात दिसतो यावर नाही. शेअरमध्ये ती चालवून घ्यावी. बाँड मात्र डोलू नयेत म्हणूनच घेतो, तिथे हेज हवाच. तरीही बाँड म्हणजे एफडी नव्हे: मुदत-संवेदनशीलता ६ ते ७ वर्षांची, व्याजदर १ टक्क्यानं वाढला की भाव साधारण तेवढे टक्के खाली. २०२२ मध्ये शेअर आणि बाँड हातात हात घालून पडले होते.

पहिला महिना. एकरकमी खरेदी १६,००० आणि ४,०००. ऑर्डर लिमिटची (कमाल भाव आपण ठरवायचा), झेट्रा (फ्रँकफर्टचा इलेक्ट्रॉनिक शेअर बाजार) चालू असताना (९:०० ते १७:३०), शक्यतो अमेरिकेचा बाजार उघडल्यावर, म्हणजे एरवी १५:३० नंतर. रात्री दहाला मोबाइलवरून घेतलं तर खरेदी-विक्रीच्या भावातली फट रुंद मिळते. श्पारप्लान ४०० आणि १००.

त्याच दिवशी करायचं दुसरं काम फंडनिवडीपेक्षा महत्त्वाचं: फ्रायश्टेलुंग्सआउफट्राग, म्हणजे करसवलतीचा अर्ज. वर्षाला १,००० युरोपर्यंतचं भांडवली उत्पन्न करमुक्त, जोडप्याला २,०००. पण हा अर्ज ब्रोकरकडे भरला नाही, तर पहिल्या युरोपासून २६.३७५% कापले जातात आणि विवरणपत्र भरून परत मागावे लागतात. दोन बँका असतील तर रक्कम वाटून द्यायची, बेरीज मर्यादेत.

जानेवारी: फोरआबपाउशाले, म्हणजे आगाऊ धरलेलं ठोक उत्पन्न. फंडानं लाभांश वाटला नाही तरी सरकार एक किमान उत्पन्न गृहीत धरतं आणि त्यावर कर लावतं. वर्षारंभीची किंमत × बेसिसत्सिन्स (दरवर्षी जाहीर होणारा आधार व्याजदर) × ०.७. २०२५ साठी हा दर २.५३%. शेअर फंड: १६,००० वर २८३.३६ युरो, शेअर फंडाला ३०% सूट, म्हणून उरले १९८.३५. बाँडला सूट नाही: ४,००० वर ७०.८४. एकूण २६९.१९, म्हणजे १,००० च्या खूप आत, कर शून्य. फंडाची त्या वर्षीची वाढ याहून कमी असेल तर तेवढीच धरतात. फंड पडला असेल तर काहीच नाही. वर्षाच्या मधल्या हप्त्यांना खरेदीआधीच्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे एक बारांश कमी. पुढे विकताना हे आकडे नफ्यातून वजा होतात, दोनदा कर नाही.

रक्कम वाढल्यावर मात्र जानेवारीत ब्रोकरच्या खात्यात थोडी रोकड ठेवा. कर कापायला पैसे नसले तर प्रकरण फिनान्झआम्टकडे (कर कार्यालयाकडे) जातं.

संतुलन. पट्टा ५ टक्क्यांचा: बाँड १५ च्या खाली किंवा २५ च्या वर गेले तरच हात लावायचा. शेअर २६,२००, बाँड ४,६०० झाले असं धरा, बाँड १४.९%. विकलं तर नफ्यावर कर, आणि विक्रीत सर्वांत जुने युनिट आधी जातात, म्हणजे बहुधा सगळ्यात मोठा नफा. त्याऐवजी अख्खे ५०० बाँडकडे वळवले तर १,९५० युरो, म्हणजे चार हप्त्यांत २०% जमतं. पोर्टफोलिओ लाखावर गेला की हप्ता अपुरा पडतो, तेव्हा विकावंच लागेल.

राहिलेलं काम: भारतातलं. एनआरई (अनिवासी भारतीयाच्या खात्यातल्या) एफडीचं व्याज भारतात करमुक्त, जर्मनीत नाही; ते आन्लागे काप (KAP) या विवरणपत्राच्या जोडफॉर्ममध्ये दाखवायचं. भारतातले म्युच्युअल फंड काप-इन्व्ह (KAP-INV) फॉर्ममध्ये, आणि त्यांचं फोरआबपाउशाले स्वतःच काढायचं, कारण इथला ब्रोकर ते पाहतच नाही. ब्रोकरला पूर्ण १,००० ची सूट देऊन बसला असाल तर हे व्याज धरून बेरीज पुन्हा करा.