समेवर हात उचलायचा

केंटकी राज्यातील ओवेन्सबरो येथे मी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकाराचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांचे रोझिन हे गाव येथून तासाभराच्या आत असल्यामुळे आमच्या टेबलावर गिटार आणि बँजो यांच्या जोडीने मँडोलिनेही नेहमी येतात. हे वाद्य मला नवीन नव्हते, कारण पुण्यात असताना अनेक वर्षे मी ते ऑर्केस्ट्रात वाजवले होते. एका शनिवारी सत्तरीच्या एक बाई, मी आठवड्यापूर्वीच दुरुस्त करून दिलेले मँडोलिन परत घेऊन आल्या, तेव्हा माझा हा आत्मविश्वास शाबूत होता.

त्यांची तक्रार एवढीच होती, की वाद्याचा ‘चॉप’, म्हणजे ठेक्यासाठी मारून लगेच तोडायचा कोरडा आघात, मेला आहे. तारा दाबायला हलक्या जाव्यात म्हणून मी घोडी, म्हणजे तारांना आधार देणारी पट्टी, खाली घेतली होती आणि बाराव्या पडद्यावर तार जेमतेम 1.2 मिलिमीटर उंच ठेवली होती. प्रत्येक पडदा तपासून, एक भावगीत ट्रेमोलोने, म्हणजे तीच तार झपाट्याने पुन्हा पुन्हा छेडत, वाजवून मी ते वाद्य दिले होते. त्यात कुठेही खोट आढळली नव्हती. तसे मी त्यांना सांगितले. त्यांनी वाद न घालता भिंतीवरची एक गिटार उतरवली, स्टुलावर बसल्या आणि मला साथ करायला सांगितले.

गाणे होते ‘ब्लू मून ऑफ केंटकी’, जी स्वरात. मन्रो यांनी 1946 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ही रचना तीन मात्रांची, म्हणजे वॉल्ट्झ आहे. तीन मात्रा म्हणताच माझ्या मनात दादरा, म्हणजे तीन-तीनच्या दोन भागांचा सहा मात्रांचा ताल, सुरू झाला आणि मी हौसेने चाल वाजवू लागलो. बाईंनी हात थांबवला. “गाणं मी म्हणणार आहे, तू ठेका धर.” मी मोकळ्या तारांची जी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून समेवर भरघोस आघात केला, तर दुसऱ्याच ओळीला त्या पुन्हा थांबल्या. “एक माझा आहे. तुझे दोन आणि तीन.”

पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ढोलताशा काही नसतो. पहिल्या मात्रेवर डबल बास (खर्जाचे मोठे तंतुवाद्य) आणि गिटारची खालची तार बोलते, पुढच्या दोन मात्रांवर मँडोलिन कोरडे आघात देते, आणि त्याने पहिल्या मात्रेवरही हात टाकला तर बासचा सूर झाकला जातो. हे मला ऐकून माहीत होते, हाताला माहीत नव्हते. धा धीं ना, धा तीं ना असे लहानपणापासून मोजलेल्या माणसाला नेमक्या ‘धा’वर गप्प बसायचे म्हणजे पंगतीत पहिला घास सोडून जेवायला बसण्यासारखे होते. आपल्या दादऱ्यात खाली, म्हणजे रिकामी मानलेली मात्रा, असते खरी, पण ती चौथी, आणि तेथेही हात पडतोच.

बाईंनी मग माझी बोटे एकेक करून बसवली: सर्वांत जाड जोडतारेवर सातवा पडदा, त्यापुढच्या जोडीवर पाचवा, मग दुसरा, आणि सर्वांत बारीक जोडीवर तिसरा. एकही तार मोकळी राहत नाही, म्हणूनच आवाज तोडता येतो. पिकने आघात होताच डाव्या हाताची बोटे तारेवरून न उचलता फक्त सैल सोडायची. करंगळी सातव्या पडद्यापर्यंत पोहोचताना चांगलीच दुखते. तिसरी मात्रा दुसरीपेक्षा हलकी ठेवायची, हेही त्यांनीच सांगितले.

दहा-बारा आवर्तनांनंतर हात बसला, मी जोर लावला आणि त्याच क्षणी जाड तार सातव्या पडद्यापुढे खरखरली. खोट तेथे होती. ट्रेमोलोच्या नाजूक हाताला ती कधीच सापडली नसती. तंबोऱ्यात हीच झंकार आणण्यासाठी आपण घोडीवर तारेखाली दोरा सरकवत बसतो. येथे तिच्यापायी गिऱ्हाईक परत येते.

तारा सैल केल्या, घोडीच्या दोन्ही चक्र्या फिरवून उंची 1.6 मिलिमीटरवर आणली, बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी जुळवला आणि आठही तारा पुन्हा लावल्या. या वेळी आघात सुक्या लाकडावर टकटक केल्यासारखा, पण सूर राखून आला. बाईंनी मान डोलावली आणि गाऊ लागल्या. मी पहिली मात्रा त्यांना देऊन दोन आणि तीन सांभाळत राहिलो.

एल्व्हिस प्रेस्ली यांनी 1954 मध्ये हेच गाणे चार मात्रांत गायले, तेव्हा मन्रो यांनीही त्याच वर्षी ते नव्याने मुद्रित केले: सुरुवात जुन्या वॉल्ट्झमध्ये, पुढे चार मात्रांची धाव. बाईंनी मला काहीही न सांगता तेथेच उडी मारली. मी आपला दोन, तीन, दोन, तीन करत एकटाच मागे राहिलो. त्यांनी गिटारवर तळवा ठेवला, हसल्या आणि म्हणाल्या, “आता दोन आणि चार. पुन्हा सुरुवातीपासून.”