६६ सेंटिमीटरची लिफ्ट

“जुळ्यांची बाबागाडी आहे का?” असं विचारत ते कुटुंब दुकानात आलं. आई, वडील, पावणेतीन वर्षांचा मुलगा आणि आजीच्या खांद्यावर अडीच महिन्यांची मुलगी. वडिलांच्या मोबाइलमध्ये शेजारी-शेजारी दोन सीट असलेल्या गाडीचा फोटो तयार होता. दोन मुलं म्हणून दोन सीट, असा त्यांचा हिशेब. तशी गाडी माझ्याकडे होती, पण ती खाली काढण्याआधी मी तीन गोष्टी विचारल्या. घर कितव्या मजल्यावर? लिफ्ट कशी आहे? आणि दोन्ही मुलं एकाच मोठ्या माणसाच्या ताब्यात दिवसातून कधी असतात?

कोथरूडमधली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्टला हाताने ओढायचं जाळीचं दार. एवढं कळल्यावर मी गाडी दाखवायचं थांबवलं. शेजारी-शेजारीवाली ती गाडी ७६ सेंटिमीटर रुंद आहे. जाळीचं दार पूर्ण सरकवलं तरी घडी झालेली जाळी एका बाजूला जागा खातेच. पाहुण्यांचा सोफा कसा वर चढवला होता ते आजींना आठवलं आणि त्यांनीच मान हलवली. घर जवळच होतं. मागे-पुढे सीटवाली एक गाडी, एक साधी एका सीटची, टेप आणि वाळूच्या दोन पिशव्या घेऊन मी त्यांच्याबरोबर गेलो. पिशव्या १३ आणि ६ किलोच्या असतात, साधारण त्या दोन मुलांच्या वजनाच्या. ब्रेक आणि तोल कधीही मूल बसवून तपासू नये, म्हणून त्या दुकानात कायम भरलेल्या असतात.

लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी भरली ६६ सेंटिमीटर, आतली खोली ९५. फोटोतली गाडी तिथेच बाद झाली. मागे-पुढेवाली ६२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दारातून जाते, पण तिची लांबी ११२. पुढची चाकं आत गेली तरी मागची बाहेर राहिली आणि जाळी लागेना. जाळी लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. वडील म्हणाले, “मग ही पार्किंगमध्येच ठेवू.” तसं करता येतं, पण दोन अडचणी आहेत. बिस्किटाचे कण सांडलेलं कापड उंदीर-घुशी कुरतडतात, आणि खाली आल्यावर आईच्या एका कडेवर बाळ, दुसऱ्या हाताला पोरगा, मग पिशवी कोण घेणार?

पार्किंगमध्येच मी त्यांना तिचा तोल दाखवला. पुढच्या सीटवर १३ किलोची पिशवी, मागच्या सीटवर ६ किलोची, हँडलला भाजीची पाच किलोची पिशवी. गाडी स्थिर उभी. मग पुढची पिशवी उचलली, म्हणजे पोरगा उतरून घसरगुंडीकडे पळाला असं धरा. गाडी लगेच मागे कलली आणि हँडल जमिनीला टेकलं. कारण साधं आहे. मागचं मूल जवळजवळ मागच्या चाकांच्या आसावरच झोपलेलं असतं आणि हँडल त्या आसाच्या मागे वीतभर बाहेर. पुढचं वजन गेलं की पाच किलो भाजी पुरते. आजींनी हे पाहून पदर तोंडाला लावला. कोणतीही बाबागाडी घ्या, जड सामान सीटखालच्या टोपलीत ठेवायचं, हँडलला लटकवायचं नाही. ही एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा सांगतो.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे. दुपारी सव्वाबाराला आई मुलाला प्लेग्रुपमधून आणते आणि तो परत येताना पेंगतो. म्हणून दोन सीट हव्यात असं त्यांना वाटत होतं. पण त्या वेळी बाळ कुठे असतं? घरी, आजीजवळ. दोन्ही मुलं एकट्या आईकडे असतात ती संध्याकाळी, आजी देवळात गेल्यावर, बागेत जाताना. तेव्हा मोठा टक्क जागा असतो, त्याला बसायचंच नसतं. म्हणजे दोघांनाही आडवं व्हायला लागेल अशी वेळ त्यांच्या दिवसात नव्हतीच. एका सीटची गाडी आणि मागे उभं राहायची फळी, एवढ्यात काम होत होतं.

मात्र ती एक सीट नीट निवडायला हवी. पाठ पूर्ण आडवी व्हायला हवी, कारण इतक्या लहान बाळाची मान धरलेली नसते. उभट सीटमध्ये हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते. आधाराशिवाय नीट बसेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, बाळ आडवंच. आणि तीच सीट दुपारी थोरल्याला पेलली पाहिजे. बाबागाड्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या युरोपच्या ईएन १८८८ मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुसरा २२ किलोपर्यंतच्या. १३ किलोचा मुलगा वर्षभरात १५ च्या आसपास जातो, म्हणून २२ किलोची गाडी घेतली. रुंदी ५६, लांबी ८८, वजन साडेआठ किलो. लिफ्टमध्ये आई आधी आत, मग गाडी ओढून आत, लगेच ब्रेक, आणि जाळी लावताना थोरल्याचे दोन्ही हात गाडीच्या दांड्यावर.

फळी बसवताना मात्र चुकलं, आणि तो भाग मुद्दाम सविस्तर लिहितो. ही फळी दोन पट्ट्यांनी मागच्या आडव्या दांड्याला अडकवतात. मी पट्टे आवळले, फळी जमिनीला समांतर आली, सगळं ठीक दिसलं. सीटमध्ये ६ किलोची पिशवी, फळीवर कोणी नाही. पार्किंगच्या उतारावर गाडी उभी करून पायाने ब्रेक दाबला. पेडलची लाल पट्टी खाली गेली. हात सोडला तर गाडी दोन सेकंद थांबली, ‘कट्‌’ असा आवाज आला आणि ती चालू लागली. वडिलांनी चार पावलांवर धरली.

खाली वाकून पाहिलं. या गाडीत ब्रेकचा दांडा मागच्या आसाला लागूनच जातो. पेडल दाबलं की दांडा फिरतो आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या पिना चाकांच्या आतल्या दात्यांत शिरतात. उजवीकडचा पट्टा मी त्या दांड्यावरून घेतला होता. दांडा पूर्ण फिरत नव्हता, पिना दात्यांत जेमतेम नखभर शिरत होत्या. उतारावर वजन आलं की दात्यावरून निसटत होत्या. सपाट फरशीवर हे कधीच कळलं नसतं. पट्टा सोडून बाजूच्या उभ्या नळीवर घेतला, तळहाताएवढा वर. मग पिन पार आत गेली. एखाद्या चाकाच्या दात्यांमधल्या फटीसमोर पिन येत नसेल तर गाडी किंचित पुढेमागे हलवायची, ‘टक्‌’ ऐकू येतं. उतारावर पाच वेळा ब्रेक लावला, एकदा फळीवर १३ किलोची पिशवी ठेवूनही. जागची हलली नाही.

मग सीटमध्ये मुलाला बांधायचे पट्टे. पाच टोकांचा पट्टा, म्हणजे दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक मांड्यांमधून. खांद्याचा पट्टा जिच्यातून येतो ती पाठीतली खाच बाळाच्या खांद्याच्या पातळीला, पट्टा आणि अंगात दोन बोटं जातील एवढीच ढिलाई. मांड्यांमधला पट्टा कधीही सोडायचा नाही, तो नसेल तर मूल खाली घसरतं आणि मान वरच्या पट्ट्यात अडकते. दुपारी थोरल्यासाठी खाच वर, संध्याकाळी बाळासाठी खाली. हा रोजचा बदल कंटाळवाणा आहे, म्हणून आईकडून तो तीनदा करून घेतला. तिसऱ्या वेळी दीड मिनिट लागलं.

घडी घालताना दोन्ही मुलं हातभर लांब. २००९ साली अमेरिकेत छत्रीसारख्या मिटणाऱ्या सुमारे १० लाख गाड्या रिकॉल झाल्या, कारण बिजागरीत सापडून १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. हे सांगितल्यावर आजी थोरल्याला म्हणाल्या, “गाडी मिटताना तू माझा हात धरायचा. म्हण बघू.” त्याने म्हणून दाखवलं.

निघताना वडिलांनी विचारलं, फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून लोखंडी पाइप रोवलेत, त्यांच्यामधून ही जाईल का? कोपऱ्यावर जाऊन टेप लावला. सगळ्यात अरुंद फट ६१ सेंटिमीटर. गाडी ५६. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर उरतात, तेव्हा तिथे थोरल्याला फळीवरून उतरवायचं आणि बोटं आत घ्यायला सांगायची, एवढं ठरलं.